दिदिएर द्रोग्बा : मैदानावरचा आणि मैदानाबाहेरचा

आयव्हरी कोस्टचा माजी कर्णधार आणि इंग्लंडमधील चेल्सी क्लबचा आघाडीचा खेळाडू दिदिएर द्रोग्बा याची गणना आफ्रिकेने जगाला दिलेल्या श्रेष्ठ फुटबॉलपटूंमध्ये होते. देशाकडून १०५ सामन्यांत ६५ गोल, चेल्सीकडून ३८१ सामन्यांत १६४ गोल आणि २००६ व २००९ अशा दोन वर्षी आफ्रिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा किताब, एवढ्या बळावरही त्याचे नाव फुटबॉलच्या इतिहासात राहिले असते. परंतु जगभर त्याची ओळख झाली ती आणखी एका कारणाने. यादवीने दुभंगलेल्या आपल्या देशाला त्याने ऑक्टोबर २००५ मध्ये शस्त्रे खाली ठेवण्याचे आवाहन केले. त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षांतच बंडखोरांच्या बालेकिल्ल्यात राष्ट्रीय संघाचा सामना झाला. 'ज्याने युद्ध थांबवले तो फुटबॉलपटू' अशी आख्यायिका तेव्हापासून त्याच्या नावाशी जोडली गेली. या आख्यायिकेत तथ्य किती आणि अतिशयोक्ती किती, हे समजून घेण्यासाठी त्याची कारकीर्द आणि त्याच्या देशाचा इतिहास एकत्रच पाहावा लागतो.

बालपण आणि स्थलांतर

दिदिएर इव्ह द्रोग्बा तेबिली याचा जन्म ११ मार्च १९७८ रोजी आबिजान या आयव्हरी कोस्टच्या सर्वांत मोठ्या शहरात झाला. वडील बँकेत नोकरीला होते. युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष मार्शल टिटो यांच्याविषयी आईला आदर असल्याने ती मुलाला लाडाने 'टिटो' म्हणत असे. दिदिएर पाच वर्षांचा असताना त्याला फ्रान्समध्ये काका मिशेल गोबा यांच्याकडे पाठविण्यात आले. गोबा हे तेथील व्यावसायिक फुटबॉलपटू होते. मात्र घराच्या आठवणीने व्याकूळ झालेला हा मुलगा तीन वर्षांनी मायदेशी परतला. पुढे आयव्हरी कोस्टची अर्थव्यवस्था घसरणीला लागली, आईवडिलांच्या नोकऱ्या गेल्या आणि त्याला पुन्हा काकांकडे जावे लागले. आईवडीलही १९९०च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समध्ये आले आणि कुटुंब पॅरिसच्या उपनगरात स्थिरावले.

काकांच्या बदलत्या क्लबबरोबर शहरे बदलत, शाळा बदलत तो वाढला. सुरुवातीला तो उजव्या बगलेवरचा बचावपटू म्हणून खेळे. काकांच्या सल्ल्याने तो आघाडीला आला. पुढे जगातील अनेक बचावपटूंना घाम फोडणारा हा खेळाडू स्वतः बचावफळीतून आला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

उशिरा उमललेली गुणवत्ता

युरोपातील नामांकित खेळाडू साधारणतः सतरा-अठराव्या वर्षी व्यावसायिक करार करतात. द्रोग्बाच्या वाट्याला पहिला व्यावसायिक करार आला तो १९९९ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आणि तोही फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतील ल मां या क्लबकडून. दुखापतींमुळे त्याची सुरुवातीची वर्षे रखडत गेली. याच काळात त्याने तेथील विद्यापीठात लेखापालनाच्या अभ्यासक्रमालाही प्रवेश घेतला होता.

जानेवारी २००२ मध्ये ब्रिटनी प्रांतातील गँगां या छोट्या गावाच्या क्लबने त्याला पहिल्या श्रेणीत संधी दिली. २००२-०३ च्या मोसमात त्याने ३४ लीग सामन्यांत १७ गोल केले आणि गँगांने सातवे स्थान मिळविले. पुढचा मोसम मार्सेयमध्ये गेला. तेथे त्याने लीगमध्ये १९ गोल केले. यूएफा कपच्या उपान्त्य फेरीत न्यूकॅसलला बाहेर काढणारे दोन्ही गोल त्याचेच होते. अंतिम सामन्यात मार्सेय वॅलेन्सियाकडून हरले. तरी फ्रान्समधील वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. दोन वर्षांपूर्वी फारसे कोणाला ठाऊक नसलेल्या या खेळाडूसाठी जुलै २००४ मध्ये चेल्सीने २ कोटी ४० लाख पौंड मोजले. त्या वेळी क्लबच्या इतिहासातील ती सर्वांत मोठी रक्कम होती.

चेल्सीतील वर्षे

प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांच्या चेल्सीने २००४-०५ मध्ये पन्नास वर्षांनंतर प्रथमच लीगचे विजेतेपद मिळविले आणि पुढच्या वर्षी ते राखले. संघाची आक्रमणाची रचना बरीचशी द्रोग्बाच्या शरीरसामर्थ्यावर उभी होती. मागून आलेला उंच चेंडू छातीवर झेलायचा, पाठीशी चिकटलेल्या बचावपटूला रोखून धरायचे आणि मधल्या फळीतील सहकारी पुढे येईपर्यंत चेंडू सांभाळायचा, हे काम त्याच्याइतक्या सफाईने करणारे फार थोडे होते. त्याला हेडर व फ्री किक या दोहोंची जोड होती. २००६-०७ मध्ये २० आणि २००९-१० मध्ये २९ गोल करून तो दोनदा प्रीमियर लीगमधील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला.

मोठ्या सामन्यांत त्याचा खेळ अधिक खुले. २००७, २००९, २०१० आणि २०१२ या चारही वर्षांच्या एफए कप अंतिम सामन्यांत त्याने गोल केले. चार अंतिम सामन्यांत गोल करणारा तो पहिलाच खेळाडू. त्याच्या स्वभावाची दुसरी बाजूही तितकीच ठळक होती. मैदानात सहज कोसळतो, अशी टीका त्याच्यावर सुरुवातीच्या वर्षांत सातत्याने झाली. २००८ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडच्या विडिचला चापट मारल्याबद्दल त्याला लाल कार्ड मिळाले आणि चेल्सी पेनल्टी शूटआऊटमध्ये हरले. पुढच्या वर्षी बार्सिलोनाविरुद्धच्या उपान्त्य सामन्यानंतर पंचांवर जाहीरपणे संताप व्यक्त केल्याने त्याला निलंबनालाही सामोरे जावे लागले.

त्या साऱ्याची भरपाई झाली १९ मे २०१२ रोजी म्युनिकमध्ये. बायर्न म्युनिकच्याच मैदानावर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता. ८३ व्या मिनिटाला म्युलरने बायर्नला आघाडी मिळवून दिली. ८८ व्या मिनिटाला माटाच्या कॉर्नर किकवर द्रोग्बाने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. जादा वेळेत त्याच्याच चुकीमुळे बायर्नला पेनल्टी मिळाली. गोलरक्षक पीटर चेकने रॉबेनचा फटका अडविला. अखेर शूटआऊटमधील निर्णायक फटका मारण्यासाठी पुढे आला तो द्रोग्बाच. चेल्सीचे ते पहिले चॅम्पियन्स लीग विजेतेपद होते. त्याच वर्षी क्लबच्या मासिकाने घेतलेल्या कौलात चाहत्यांनी त्याला चेल्सीचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरविले.

पुढे चीनमधील शांघाय शेनहुआ, तुर्कस्तानातील गॅलातासराय, २०१४-१५ मध्ये पुन्हा चेल्सी व लीगचे आणखी एक विजेतेपद, त्यानंतर कॅनडातील मॉन्ट्रियल इम्पॅक्ट आणि अमेरिकेतील फीनिक्स रायझिंग असा प्रवास करून नोव्हेंबर २०१८ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती पत्करली.

दुभंगलेला देश

द्रोग्बाने राष्ट्रीय संघाकडून पहिला सामना खेळला सप्टेंबर २००२ मध्ये. त्याच महिन्याच्या १९ तारखेला आयव्हरी कोस्टमध्ये सशस्त्र उठाव झाला. १९६० मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झालेला हा देश कोकोच्या उत्पादनात जगात पहिला आणि पश्चिम आफ्रिकेतील सुबत्तेचे उदाहरण मानला जाई. शेजारच्या देशांतून मजूर येऊन कोकोच्या मळ्यांत कामाला लागत आणि तेथेच स्थायिक होत. १९९३ मध्ये पहिले अध्यक्ष फेलिक्स उफुए-ब्वान्यी यांचे निधन झाले. त्यानंतर 'खरा आयव्हरियन कोण' हा प्रश्न राजकारणाच्या केंद्रस्थानी आला. उत्तरेकडील मुस्लिमबहुल समाजाच्या नागरिकत्वावर संशय घेतला जाऊ लागला. उत्तरेचे नेते अलासान वातारा यांना अध्यक्षपदाच्या निवडणुकीपासून दूर ठेवण्यात आले. १९९९ मध्ये लष्करी उठाव झाला, २००० मध्ये लोरां बाग्बो अध्यक्ष झाले आणि २००२ मध्ये देशाचे दोन तुकडे पडले. दक्षिण सरकारच्या, तर उत्तर बंडखोरांच्या ताब्यात गेली. मधल्या पट्ट्यात फ्रेंच व संयुक्त राष्ट्रांचे सैनिक उभे राहिले. बुआके हे देशातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर बंडखोरांचे मुख्यालय बनले.

या परिस्थितीत राष्ट्रीय फुटबॉल संघ ही अविभक्त राहिलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक होती. द्रोग्बा बेते समाजाचा, म्हणजे अध्यक्ष बाग्बो यांच्याच समाजाचा. कोलो व याया या तुरे बंधूंचा जन्म बंडखोरांच्या ताब्यातील बुआकेचा. ख्रिश्चन आणि मुस्लिम, उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे, फ्रान्समध्ये वाढलेले आणि आबिजानच्या असेक मिमोसा अकादमीत घडलेले, असे सगळे खेळाडू एकाच नारिंगी पोशाखात खेळत होते. नागरिकत्वाच्या वादाला या संघाइतके बोलके उत्तर दुसरे नव्हते.

ऑक्टोबर २००५ चे आवाहन

८ ऑक्टोबर २००५ रोजी विश्वचषक पात्रता फेरीचा शेवटचा सामना ओमडुरमनमध्ये सुदानविरुद्ध होता. केवळ तो जिंकून भागणार नव्हते. त्याच वेळी कॅमेरून आणि इजिप्त यांच्यात चाललेल्या सामन्यात कॅमेरून जिंकता कामा नये, अशीही अट होती. आयव्हरी कोस्टने सुदानला ३-१ असे हरविले. तिकडे बरोबरीत असलेल्या कॅमेरूनला अखेरच्या क्षणी पेनल्टी मिळाली आणि ती हुकली. आयव्हरी कोस्ट प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरला.

जल्लोष सुरू असतानाच ड्रेसिंग रूममध्ये दूरचित्रवाणीचे कॅमेरे आले. द्रोग्बाने ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि सहकाऱ्यांना भोवती उभे करून देशवासीयांना उद्देशून तो बोलला. उत्तर, दक्षिण, मध्य आणि पश्चिम अशा सर्व भागांतील माणसे एका उद्दिष्टासाठी एकत्र नांदू शकतात, हे या संघाने दाखवून दिले आहे, असे सांगून तो आणि त्याचे सहकारी गुडघ्यांवर बसले. एकमेकांना क्षमा करा, शस्त्रे खाली ठेवा आणि निवडणुका घ्या, अशी विनवणी त्यांनी केली. हे दृश्य देशभर पुनःपुन्हा दाखविले गेले.

या आवाहनाने युद्ध थांबले, असे सर्रास लिहिले जाते. इतिहास मात्र इतका सरळ नाही. मोठ्या प्रमाणावरील लढाई २००३ च्या शांतता करारांनंतरच ओसरली होती. देश दुभंगलेला आणि तणाव कायम असला, तरी रोजचे युद्ध चालू नव्हते. ज्या निवडणुका घेण्याची विनंती द्रोग्बाने केली, त्या पुढे ढकलल्या गेल्या आणि प्रत्यक्षात झाल्या त्या पाच वर्षांनी. दोन्ही बाजूंना समेटाच्या मेजावर आणले ते राजकीय वाटाघाटींनी. ४ मार्च २००७ रोजी बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू येथे करार झाला आणि बंडखोरांचे नेते गियोम सोरो पंतप्रधान झाले. आवाहनाचे महत्त्व वेगळे होते. शत्रू म्हणून रंगविलेल्या माणसांना खांद्याला खांदा लावून उभे असलेले देशाने पाहिले. राजकीय नेत्यांना जे उघडपणे म्हणता येत नव्हते, ते म्हणणारा आणि दोन्ही बाजूंनी ऐकला जाणारा एक आवाज उपलब्ध झाला.

बुआकेतील सामना

या आवाजाचा खरा उपयोग करारानंतर झाला. २००६ चा आफ्रिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळाल्यावर द्रोग्बा तो करंडक घेऊन मार्च २००७ मध्ये बुआकेला गेला. आफ्रिकन नेशन्स कपच्या पात्रता फेरीतील मादागास्करविरुद्धचा सामना आबिजानऐवजी बुआकेमध्ये होईल, अशी घोषणा या वेळी झाली. चार-साडेचार वर्षे सरकारी सत्ता जेथे पोहोचली नव्हती, त्या शहरात राष्ट्रीय संघ राष्ट्रगीतासह उतरणार होता.

३ जून २००७ रोजी हा सामना झाला. स्टेडियम खचाखच भरले होते. सरकार आणि माजी बंडखोर अशा दोन्ही बाजूंची माणसे एकाच मैदानात जमली होती. आयव्हरी कोस्टने ५-० असा विजय मिळविला आणि पाचवा गोल द्रोग्बाने केला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ३० जुलै रोजी, बाग्बो व सोरो यांनी याच शहरात शस्त्रांची होळी करून 'शांततेची ज्योत' पेटविली. करारावरील सह्या नेत्यांच्या होत्या. तो करार सामान्य माणसाला डोळ्यांनी दिसला तो या सामन्यात.

पुन्हा हिंसाचार

एवढ्यावर कथा संपली असती, तर ती सुखान्त झाली असती. लांबलेली निवडणूक २०१० च्या अखेरीस झाली. वातारा विजयी झाल्याचे संयुक्त राष्ट्रांनी प्रमाणित केले. बाग्बो यांनी पद सोडण्यास नकार दिला. उसळलेल्या हिंसाचारात सुमारे तीन हजार माणसे मृत्युमुखी पडली. ११ एप्रिल २०११ रोजी बाग्बो यांना अटक झाली आणि वातारा यांची सत्ता स्थिर झाली. फुटबॉलने जोडलेली मने राजकारणाने पुन्हा तोडली.

सप्टेंबर २०११ मध्ये स्थापन झालेल्या संवाद, सत्य व सलोखा आयोगावर द्रोग्बाची नियुक्ती झाली. माजी पंतप्रधान शार्ल कोनान बानी अध्यक्ष असलेल्या या अकरा सदस्यांच्या आयोगात तो परदेशस्थ आयव्हरियनांचा प्रतिनिधी होता. आयोगाकडून फार मोठ्या अपेक्षा होत्या. त्या पूर्ण झाल्या नाहीत, अशी टीका पुढे झाली. भावनिक आवाहन करणे आणि पीडितांच्या जबान्यांतून न्यायाचा मार्ग काढणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, हे या आयोगाच्या अनुभवाने स्पष्ट केले.

प्रतिष्ठान, रुग्णालय आणि चौकशी

जानेवारी २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने द्रोग्बाची सदिच्छादूत म्हणून नेमणूक केली. त्याच वर्षी त्याने आरोग्य व शिक्षणासाठी स्वतःच्या नावे प्रतिष्ठान सुरू केले. नोव्हेंबर २००९ मध्ये पेप्सीबरोबरच्या जाहिरात कराराचे सुमारे ३० लाख पौंड आबिजानमध्ये रुग्णालय उभारण्यासाठी देण्याचे त्याने जाहीर केले. २०१० मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने जगातील शंभर प्रभावी व्यक्तींच्या यादीत त्याचा समावेश केला.

घोषणा करणे सोपे आणि संस्था चालविणे अवघड, याचा प्रत्यय पुढे आला. देशाच्या वेगवेगळ्या भागांत दवाखाने उभारण्याचा मूळ बेत आटोपता घ्यावा लागला. एप्रिल २०१६ मध्ये प्रतिष्ठानाच्या इंग्लंडमधील शाखेला मिळालेल्या देणग्यांपैकी अत्यल्प रक्कमच प्रत्यक्ष कामावर खर्च झाल्याचा आरोप एका ब्रिटिश दैनिकाने केला. द्रोग्बाने तो ठामपणे फेटाळला. इंग्लंडच्या धर्मादाय आयोगाने चौकशी करून त्याच वर्षी निष्कर्ष जाहीर केले. फसवणूक वा भ्रष्टाचार झाल्याचा पुरावा मिळाला नव्हता. परंतु लोकांकडून जमा केलेला पैसा मुख्यतः बँकेतच पडून होता आणि आयव्हरी कोस्टमधील काम द्रोग्बाच्या स्वतःच्या पैशातून होत होते. दात्यांना याचे स्पष्ट चित्र मिळाले नव्हते, असा ठपका आयोगाने ठेवला.

त्यानंतरच्या वर्षांत काम दिसू लागले. जानेवारी २०१८ मध्ये गान्योआ परिसरातील कोको पिकविणाऱ्या पोकू-क्वामेक्रो या खेड्यात प्रतिष्ठानाने शाळा सुरू केली. लहान मुले कोकोच्या मळ्यांत राबतात, हा या देशापुढील जुना प्रश्न. गावात शाळा असणे हे त्यावरील पहिले उत्तर आहे. आबिजानच्या अतेकुबे भागात उभारलेल्या वास्तूला आयव्हरी कोस्टचे थोर आघाडीपटू लोरां पोकू यांचे नाव देण्यात आले. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाची साथ पसरू लागताच ते रुग्णालय उपचारांसाठी वापरण्याची तयारी द्रोग्बाने दाखविली. त्याच वर्षी युरोपीय फुटबॉल महासंघाने त्याला अध्यक्षीय पुरस्कार दिला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला क्रीडा व आरोग्य या विषयाचा सदिच्छादूत नेमले.

लोकप्रियता आणि मते

निवृत्तीनंतर द्रोग्बाने आयव्हरी कोस्ट फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदासाठी उमेदवारी केली. रस्त्यावरच्या चाहत्यांमध्ये त्याला तोड नव्हती. पण मतदार होते क्लबांचे व संघटनांचे प्रतिनिधी. २३ एप्रिल २०२२ रोजी झालेल्या निवडणुकीत त्याला २१ मते मिळाली आणि तो पहिल्याच फेरीत बाद झाला. इद्रिस दियालो अध्यक्ष झाले. देशाला गुडघ्यांवर बसून विनविणाऱ्या कर्णधाराला आपल्याच खेळाच्या संघटनेची मते मिळविता आली नाहीत.

राष्ट्रीय संघाबरोबरही मोठा करंडक त्याच्या हाती कधी आला नाही. २००६ आणि २०१२ अशा दोन्ही आफ्रिकन नेशन्स कप अंतिम सामन्यांत आयव्हरी कोस्ट शूटआऊटमध्ये पराभूत झाला आणि दोन्ही वेळा द्रोग्बाकडून पेनल्टी हुकली. २००६ मध्ये शूटआऊटमधील, तर २०१२ मध्ये नियमित वेळेतील. त्याने ऑगस्ट २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय निवृत्ती घेतली आणि सहा महिन्यांनी देशाने तो करंडक जिंकला.

मूल्यमापन

द्रोग्बाने युद्ध थांबवले, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. तसे म्हटल्याने वाटाघाटी करणाऱ्यांचे श्रम झाकले जातात आणि २०१०-११ मधील मृतांचा विसर पडतो. तथापि त्याने काहीच केले नाही, असे म्हणणेही अन्यायाचे ठरेल. लोकप्रियता त्याने एका बाजूच्या सेवेला न लावता दोन्ही बाजूंच्या मध्ये उभी केली. शब्दानंतर तो स्वतः बुआकेला गेला, संघालाही तेथे घेऊन गेला. त्याच्या प्रतिष्ठानाच्या कारभारात ढिलाई होती. परंतु चौकशीनंतरही काम सोडून दिले गेले नाही.

२०२४ च्या आरंभी आयव्हरी कोस्टने मायदेशात आफ्रिकन नेशन्स कपचे यजमानपद भूषविले. बुआकेतील त्याच स्टेडियमचे विस्तारीकरण करण्यात आले होते आणि मालीविरुद्धचा उपान्त्यपूर्व सामना यजमानांनी तेथेच जिंकला. ११ फेब्रुवारी २०२४ रोजी आबिजानमध्ये नायजेरियाला २-१ असे हरवून त्यांनी करंडकही पटकावला. राष्ट्रीय संघाने बुआकेमध्ये खेळणे ही एके काळी जगभर गाजलेली बातमी होती. १७ वर्षांनी ती स्पर्धेच्या वेळापत्रकातील एक साधी ओळ ठरली होती.